पाण्याची ओढ ओळखा: मालदीवच्या डायव्हिंग सफारीची तयारी

मालवणात होडीवाला सकाळी पाण्याकडे बघतो आणि एवढंच म्हणतो, "आज पाण्याक ओढ आसा." त्या दिवशी तुम्ही पुण्याहून रात्रभर गाडी चालवून आलेले असलात तरी तो होडी काढत नाही. मालदीवला बोटीवर आठवडाभर राहून डायव्हिंग करायला पहिल्यांदा गेलो, तेव्हा हे वाक्य मी विसरलो होतो. फोटो बघून बोट निवडली, सुट्टी बघून तारीख निवडली आणि ओढीचा विचारच केला नाही. तिथे सगळा खेळ ओढीचा आहे. मोसम, मार्ग, बोट, सामान, उडी कशी मारायची, सगळं तिच्यावरून ठरतं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने.

आधी प्रकार काय आहे ते. जगभर ज्याला लाइव्हअबोर्ड म्हणतात, त्याला मालदीवमध्ये सफारी बोट म्हणतात. मोठ्या बोटीवर झोपायचं, जेवायचं. तिच्यामागे एक वेगळी होडी चालते, तिला धोनी म्हणतात. टाक्या, कॉम्प्रेसर, ओले सूट सगळं धोनीवर. त्यामुळे कॉम्प्रेसरची घरघर आणि निओप्रीनचा कुबट वास केबिनपर्यंत येत नाही. रात्री बोट एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकते, सकाळी धोनी तुम्हाला डायव्हच्या जागी नेते. दिवसाला तीन डायव्ह, मधूनच एखादी रात्रीची. सात रात्रींत सतराएक डायव्ह होतात. रिसॉर्टवर राहून पोचता येत नाही अशा जागा गाठता येतात, हे खरं कारण. पैसे वाचतात हे दुसरं.

स्वतःकडे बघा

तारकर्लीला किंवा मालवणला प्रशिक्षकाने हात धरून पंधरा मिनिटं पाण्याखाली नेलं आणि फोटो काढून दिले, तर तो अनुभव छान असतो, पण ते प्रमाणपत्र नव्हे. सफारीसाठी किमान ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र, लागतं, आणि त्यात १८ मीटरपर्यंतच जाता येतं. मालदीवच्या बऱ्याच चांगल्या जागा २५ ते ३० मीटरपर्यंत जातात, म्हणून अ‍ॅडव्हान्स्ड करूनच जा. ३० मीटर ही तिथल्या कायद्यानेही हौशी डायव्हरची हद्द आहे.

बऱ्याच बोटी ५० डायव्हची अट घालतात. लोक लॉगबुकात आकडा फुगवतात. फुगवू नका. तपासणी बोटीवर होत नाही, पाण्यात होते. अंदमानात स्वराज द्वीपला आठ-दहा दिवस काढा, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला दोन-तीन वीकेंड जा, पन्नास होतात. मालवणच्या गढूळ पाण्यातल्या डायव्हही मोजा. जिथे हात लांब केला की बोटं दिसत नाहीत तिथे शिकलेला माणूस मालदीवच्या निळ्या पाण्यात घाबरत नाही.

तीन गोष्टी घरच्या पाण्यात पक्क्या करून घ्या. एक, पाण्याखालून एसएमबी, म्हणजे तो लांबट नारिंगी फुगा, दोरी स्वतःच्या अंगाला न गुंडाळता वर सोडणं. दोन, बीसीडी, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट, पूर्ण रिकामं करून थेट खाली जाणं, त्याला निगेटिव्ह एंट्री म्हणतात. तीन, काहीही न धरता पाच मीटरवर तीन मिनिटं स्थिर थांबणं. शिवाय नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेवर डायव्ह करायचा, एका दिवसाचा कोर्स करून टाका. साध्या हवेवर ३० मीटरला पहिल्या डायव्हला तक्त्याप्रमाणे २० मिनिटं मिळतात; त्याहून जास्त थांबलात तर वर येताना डिकम्प्रेशनसाठी, म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जायला, थांबत थांबत यावं लागतं. ३२ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सवर त्याहून बरीच जास्त मिळतात, आणि रोज तीन डायव्ह सहा दिवस करताना फरक जाणवतो.

कधी जायचं आणि अटोलच्या कुठल्या अंगाला

नकाशावर मालदीव म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेल्या माळा. सुमारे १,१९० प्रवाळ बेटं, २६ नैसर्गिक अटोल. अटोल हा शब्दच मुळात त्यांच्या धिवेही भाषेतला. एकेक अटोल म्हणजे कडं, आत उथळ लगून, म्हणजे शांत पाण्याचं तळं, बाहेर एकदम खोल समुद्र. कड्याला जिथे फट असते तिला ते कंडू म्हणतात. खाडीचं तोंड डोळ्यांसमोर आणा, भरतीला पाणी आत घुसतं, ओहोटीला बाहेर. कंडूतही तेच, फक्त तिथे भरती-ओहोटीच्या जोडीला मोसमी वाऱ्यांनी ढकललेला अख्खा महासागर असतो.

साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्य मोसमी वारे असतात. तेव्हा पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतं. पूर्वेच्या कंडूंमधून खुल्या समुद्राचं स्वच्छ पाणी आत शिरतं, तिथे दूरवर दिसतं आणि शार्क तोंडाशी उभे राहतात. लगूनमधून फिरून प्लँक्टनने, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म जीवांनी, भरलेलं पाणी पश्चिमेला बाहेर पडतं, म्हणून ते खाणारी मॅन्टा रे ही मोठी पाकटं पश्चिमेला. मे ते नोव्हेंबर नैऋत्य वारे, आणि सगळं उलटं: मॅन्टा पूर्वेच्या अंगाला, उदाहरणार्थ उत्तर माले अटोलमधल्या लंकनला. म्हणून "मालदीवमध्ये मॅन्टा दिसतात का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या महिन्यात, कुठल्या अंगाला, असं विचारा. बोटीच्या माणसाने याचं सरळ उत्तर दिलं नाही तर दुसरी बोट बघा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मधल्या अटोलांचा मार्ग घ्यावा: माले, वावू, आरी आणि परत. ऑगस्टमध्ये गेलात तर बोट स्वस्त मिळते, पण पाऊस आणि लाटा गृहीत धरा. बा अटोलच्या हनिफारूमध्ये तेव्हा मॅन्टांची जत्रा असते, मात्र तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल. खूप दक्षिणेला, विषुववृत्ताच्या पलीकडे फुवाहमुला आहे, टायगर शार्कसाठी प्रसिद्ध. पहिल्या खेपेला नको. तिथली ओढ आणि मालेपासूनचं अंतर, दोन्ही अंगावर येतात.

बोट निवडताना

चमकदार फोटोंकडे दुर्लक्ष करा आणि विचारा: एका गाइडमागे किती डायव्हर? सहाच्या आत असले तर ठीक. ऑक्सिजनचा साठा आहे का? नायट्रॉक्स फुकट की पैसे घेऊन? सगळ्यांना एकाच टोळीत टाकतात की अनुभवाप्रमाणे गट करतात? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चारशे डायव्हवाल्यांच्या गटात तुम्ही पन्नासवाले असलात तर हवा तुमची आधी संपते आणि तोंडं सगळ्यांची वाकडी होतात.

आणि आगीचं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाच्या डायव्ह बोटीला रात्री आग लागली. खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण गेले. रात्रीचा पहारा नव्हता, हे चौकशीत समोर आलं. म्हणून पहिल्याच दिवशी तुमच्या केबिनमधून बाहेर पडायचे दोन मार्ग चालून बघा, अंधारात चाचपडून. लाइफ जॅकेट कुठे आहे ते बघा. रात्री पहाऱ्याला कोण असतं ते विचारा, लाजू नका. कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या केबिनमध्ये रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

खर्च: सात रात्रींचे माणशी साधारण १,५०० ते ३,००० डॉलर, दोघांच्या केबिनमध्ये. त्यात डायव्ह आणि जेवण येतं. विमानभाडं, भाड्याचं सामान आणि बक्षिशी येत नाही. कर बघा: जानेवारी २०२५ पासून सफारी बोटीवर माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर आहे, म्हणजे आठवड्याचे ८४. जुलै २०२५ पासून पर्यटनावरचा जीएसटी १७ टक्के. काही बोटी हे किमतीत धरतात, काही शेवटच्या रात्री बिलात दाखवतात. "शेवटी माझ्याकडून एकूण किती घेणार?" याचं उत्तर लेखी मागा.

शाकाहारी असलात तर बुकिंगच्या वेळीच सांगा. भात, डाळ, भाजी बहुतेक बोटींवर मिळते. तरी मेतकुटाची पुडी न्या. पोट ढवळत असताना मऊ भात-मेतकूट हेच आत राहतं.

कागद आणि कस्टम

भारतीयांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, पण निघण्याआधीच्या ९६ तासांत इमुगा या सरकारी संकेतस्थळावर प्रवासी घोषणापत्र भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं त्याच नावाच्या आसपास फिरतात, ती बंद करा. परतताना पुन्हा भरायचं असतं.

विमानतळावरून घेतलेली दारू मालेला उतरताच काढून घेतात. सफारी बोटीवर ती विकत मिळते, वस्तीच्या बेटांवर नाही. पूजेच्या मूर्तीही देशात आणता येत नाहीत, तेव्हा बॅगेतला छोटा गणपती घरीच ठेवा. परतीच्या वाटेवर प्रवाळ आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू नेणं गुन्हा आहे. शिंपलेही उचलू नका.

विमा वेगळा घ्या. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते, बारीक अक्षरं वाचा. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेचा डायव्हरांसाठीचा विमा बरेच जण घेतात. मालेजवळ बंडोस बेटावर डिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे डायव्हमुळे झालेल्या त्रासावर उपचार करायची दाबाची खोली, आहे, पण लांबच्या अटोलातून तिथपर्यंत न्यायचा खर्च कोण देणार, हाच खरा प्रश्न.

बॅगेत काय

मास्क आणि डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि उरलेली मिनिटं दाखवणारं यंत्र) स्वतःचे, त्यात तडजोड नाही. मालदीवमध्ये प्रत्येक डायव्हरकडे कॉम्प्युटर आणि एसएमबी असावाच लागतो. दोघांत एक चालत नाही. निघण्यापूर्वी कॉम्प्युटरची बॅटरी बदला. बाकी बीसीडी, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात आणणारं यंत्र) भाड्याने मिळतात. रेग्युलेटर तुमचा असेल आणि डिन जोडणीचा (टाकीला आट्यांनी बसणारा) असेल तर अ‍ॅडॅप्टरची चौकशी करा.

पाणी २७ ते ३० अंश असतं, पहिल्या दिवशी वाटतं बनियनवर उतरावं. चौथ्या दिवसापासून तिसऱ्या डायव्हला दात वाजायला लागतात. तीन मिलिमीटरचा पूर्ण सूट न्या. रीफ हुक, म्हणजे दोरीला बांधलेला बोथट आकडा, बोटीवर बहुधा मिळतो. टॉर्च दोन. फिनचा (पायातल्या वल्ह्यांचा) आणि मास्कचा एकेक जादा पट्टा, थोड्या ओ-रिंग. बस.

बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि आधी एखाद्या रविवारी घरी घेऊन बघा. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, आणि ३० मीटरवर झोप परवडत नाही. सर्दी झाली असेल तर डायव्ह सोडा. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खालीच संपला, तर वर येताना कान अडकतो. माझ्या एका मित्राने दोन डायव्हच्या लोभापायी पुढच्या नऊ डायव्ह डेकवर बसून मोजल्या.

पहिला दिवस

मुंबईहून थेट विमान अडीच-तीन तासांचं. मालेचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण काही बोटी संध्याकाळचा उजेड मिळावा म्हणून स्वतःचं घड्याळ तासभर पुढे ठेवतात. सकाळी सहाचा म्हणजे कुठल्या घड्याळातला सहाचा, ते विचारून घ्या.

पहिली डायव्ह तपासणीची, उथळ, शांत जागी. लोक ती कंटाळत करतात. तिथेच वजन ठरवा: डायव्हच्या शेवटी, टाकीत ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरले असताना, पाच मीटरवर बीसीडीत हवा न ठेवता थांबता येतंय का? वर उचललं जात असाल तर एक किलो वाढवा. पुढचा आठवडा याच आकड्यावर चालतो.

जागांची नावं ऐकून घाबरू नका. थिला म्हणजे पाण्याखालचा सुळका, गिरी म्हणजे पृष्ठभागाजवळ पोचलेला, फारू म्हणजे मोठा रीफ (प्रवाळाचा खडक), मियारू म्हणजे शार्क. तेव्हा मियारू कंडूला काय बघायला जायचं ते नावातच आहे. मासळीला ते मस म्हणतात आणि पोळीला रोशी. सकाळी ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची कुस्करून केलेलं मस हुनी आणि रोशी पानात आली की परदेशात आल्यासारखं वाटत नाही.

कंडूतली डायव्ह, उडीपासून शिडीपर्यंत

आता माझी फजिती. वावू अटोल, दुसरा दिवस. गाइड आधी एकटा पाण्यात उतरून ओढ बघून आला. पाणी आत शिरत होतं, म्हणजे हवं तसंच. फळ्यावर चित्र काढून त्याने सांगितलं: "मी 'गो' म्हटलं की सगळे एकदम. वर कोणी थांबायचं नाही." सगळ्यांनी उडी मारली. माझ्या बीसीडीत सवयीने थोडी हवा राहिली होती. मी बुचासारखा वर तरंगलो. हवा काढायला दहा सेकंद लागले असतील. खाली बघितलं तर गट दिसेना. मी तरंगत कंडूच्या आत पोचलो होतो, ते खाली तोंडाशी. मिनिटभर शोधलं, वर आलो, फुगा सोडला, धोनीने उचललं. शिडी चढताना खलाशाने माझ्या टाकीचा काटा बघितला, १९० बार, म्हणजे जवळजवळ भरलेली, आणि काही न बोलता चहाचा कप पुढे केला. बाकीचे तासाभराने आले ते शार्कचे आकडे सांगत.

तेव्हा क्रम असा. धोनीवरच बीसीडी पूर्ण रिकामं करा, शेवटचा फुसकाराही काढा. नियम म्हणून जोडीदाराकडून तपासून घ्या. मास्क तोंडावर, रेग्युलेटर तोंडात, हात मास्कवर. खुणेबरोबर उडी, आणि लगेच डोकं खाली करून जा. कान पहिल्या मीटरपासून मोकळे करा. अडला तर अर्धा मीटर वर या, जोर लावू नका.

कंडूच्या ओठावर, साधारण २५ ते ३० मीटरवर पोचलात की मेलेल्या खडकाची खाच शोधून हुक अडकवा. जिवंत प्रवाळावर नाही. हुक बसला की बीसीडीत दोन फुसके हवा भरा, म्हणजे पतंगासारखे थोडे वर तरंगत राहाल आणि फिन तळाला लागणार नाहीत. तोंड ओढीकडे सरळ. मान बाजूला वळवलीत तर जोरात ओढ असताना मास्क चेहऱ्यावरून सरकतो.

मग बघत राहा. करड्या रीफ शार्कना शेपूटही फारशी हलवावी लागत नाही, ते त्याच ओढीत पाण्यावर टेकून उभे असतात. मोरीचं, म्हणजे शार्कचं, मटण खात वाढलेल्या माणसाला त्यांच्यासमोर उभं राहताना थोडं ओशाळं वाटतं. मालदीवने २०१० पासून शार्क पकडायला बंदी घातली आहे. या वर्दळीमागे ते मोठं कारण.

एक डोळा कॉम्प्युटरवर ठेवा. डिकम्प्रेशन लागण्याआधीची पाच मिनिटं उरली किंवा हवा १०० बारवर आली की निघायचं. आधी बीसीडीतली हवा काढा, दोरी धरून हुकापर्यंत जा, मग सोडवा. ताणलेला हुक तसाच ओढलात तर तो सुटून मांडीत घुसतो. नंतर पोहायचं नाही. पाणीच तुम्हाला कंडूतून आत नेतं. हळूहळू वर येत पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा आणि तिथूनच फुगा सोडा, कारण वर दुसऱ्या बोटींच्या धोनी फिरत असतात. शिडीला दोन्ही हात, मग फिन काढून द्या, मग चढा.

ओढ बाहेरच्या बाजूला असेल तर चांगला गाइड कंडूची डायव्ह रद्द करतो. पाणी गढूळ असतं ते सोडा, ते तुम्हाला खुल्या समुद्रात नेऊन टाकतं. रद्द झाली म्हणून कुरकुर करू नका. आणि भिंतीलगत पाणी खाली खेचायला लागलं तर सरळ वर जायला झगडू नका. रीफला धरा, नाहीतर भिंतीपासून आडवे दूर व्हा. ती ओढ अरुंद असते.

मॅन्टा, व्हेल शार्क आणि गर्दी

मॅन्टाच्या सफाईच्या जागी, म्हणजे जिथे ती लहान माशांकडून अंग साफ करून घेते तिथे, तळाशी एका बाजूला खाली राहा, पाठलाग करू नका. पुढे गेलात की ती जाते, थांबलात की फिरून डोक्यावरून येते. आरीच्या फेसधूजवळ बोटी रात्री मागच्या बाजूला दिवे सोडतात. पहिल्या पावसात ट्यूबलाइटभोवती किडे जमतात तसं प्लँक्टन त्या उजेडात घोंगावतं, आणि मग तीन मीटर पंखांचं ते पाकट पोट वर करून कोलांट्या मारत येतं. टॉर्च खाली धरा आणि गुडघे टेकून बसा. तासभर तसेच बसलात तरी चालेल.

दक्षिण आरीच्या मामिगिलीजवळ व्हेल शार्क वर्षभर असतात, पण तिथे दहा-दहा बोटी एका माशामागे धावतात. अंगापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर लांब राहायचं असतं. तेवढ्या गर्दीत ते जमत नसेल तर पाण्याबाहेर या. वावूतल्या अलिमथाच्या धक्क्यावरची नर्स शार्कची रात्रीची डायव्ह प्रसिद्ध आहे. मला ती शनिवारच्या भाजी मंडईसारखी वाटली, कोणाचा फिन कोणाच्या तोंडात ते कळत नाही.

परतताना

अनेक दिवस रोज डायव्ह केल्यावर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात. बोटी २४ धरतात, तुम्हीही धरा. म्हणून परतीचं विमान काढतानाच शेवटची डायव्ह कधी आहे ते विचारा. त्या मोकळ्या दिवसात सामान गोड्या पाण्यात धुवून उन्हात नको, सावलीत वाळवा. रेग्युलेटर ओला बॅगेत गेला तर मुंबईच्या दमटात आठवडाभरात वास मारतो. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. बक्षिशी डॉलरमध्ये, पाकिटात, सगळ्या खलाशांसाठी एकत्र द्या, धोनीवाल्यालाही वाटा मिळेल हे बघून. माले शहरात वेळ मिळाला तर दुपारनंतर मासळी बाजारात जा. ट्यूना सोलण्याचा तिथला वेग बघण्यासारखा असतो.

घरी पोचल्यावर दोन-तीन दिवस जमीन हलत राहते. न्हाणीघरात डोळे मिटून डोक्यावर पाणी घेताना एक हात भिंतीला ठेवा.